मोठे आतडे : पाणी राखणारा, वेळ पाळणारा अवयव

शौच हा चारचौघांत बोलण्याचा विषय नव्हे, असा आपल्याकडे रूढ समज आहे. पोट साफ होत नसल्याची तक्रार माणूस औषध दुकानदाराकडे हळू आवाजात करतो, एखाद्या चूर्णाची डबी घेतो आणि पुढे कित्येक महिने त्या डबीवर विसंबून राहतो. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येते ती बहुधा मूळव्याध किंवा गुदद्वाराची चीर यांनी बसणे अवघड केल्यानंतरच. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांविषयी सुशिक्षित वाचकाला बरीच माहिती असते. परंतु रोज सकाळी ज्याच्या मर्जीवर दिवसाचा आरंभ अवलंबून असतो, त्या मोठ्या आतड्याचे कार्य मात्र अपरिचितच राहते.

लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत हे कार्य समजून घेण्यास आणखी एक कारण आहे. मोठ्या आतड्याला आपले काम नीट करण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात : पुरेसे पाणी, अन्नातील चोथा आणि शौचाची भावना झाल्यावर ती पाळण्यास मिळणारी सवड व जागा. पाणीटंचाई, बदललेला आहार, शिकवणी वर्गांचे घड्याळ आणि घराबाहेर शौचालयांची वाण यांमुळे या भागात तिन्ही गोष्टींवर ताण येतो. बद्धकोष्ठता म्हणजे केवळ पोटाचा दोष नव्हे, हे त्यावरून ध्यानी यावे.

रचना

प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब, तर मोठे आतडे जेमतेम दीड मीटर. तरीही त्याला मोठे म्हणतात ते त्याच्या रुंदीमुळे. पोटाच्या उजव्या बाजूस, खाली, लहान आतडे एका झडपेतून मोठ्या आतड्यात उघडते. या आरंभीच्या पिशवीसारख्या भागाला अंधांत्र म्हणतात. अपेंडिक्स म्हणून सर्वांना ठाऊक असलेले आंत्रपुच्छ यालाच लटकलेले असते. तेथून मोठे आतडे उजव्या बाजूने यकृतापर्यंत वर चढते, जठराखालून आडवे डावीकडे जाते, प्लीहेजवळ वळून डाव्या बाजूने खाली उतरते, नागमोडी वळण घेते आणि गुदाशयात संपते. गुदाशयाच्या पुढे गुदद्वाराची तीन-चार सेंटिमीटरची नळी असते.

मोठ्या आतड्याच्या लांबीभर स्नायूंच्या तीन पट्ट्या असतात. त्या आतड्याहून आखूड असल्याने, परकराची नाडी ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तसे आतड्याला फुगवटे येतात. हे फुगवटे शोभेचे नव्हेत. आत आलेला ऐवज त्यांच्यात थबकतो, घुसळला जातो आणि त्यातील पाणी शोषण्यास अवधी मिळतो.

पाण्याचा हिशेब

खाण्यापिण्यातून दिवसाकाठी सुमारे दोन लिटर द्रव पोटात जातो. त्यात लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव मिळून आणखी सुमारे सात लिटरांची भर पडते. म्हणजे पचनमार्गात रोज साधारणपणे नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातील बहुतेक भाग लहान आतडे परत घेते. मोठ्या आतड्याच्या वाट्याला येतो तो सुमारे दीड लिटर पातळ, पेजेसारखा ऐवज. शौचावाटे त्यातील शंभर ते दोनशे मिलिलिटर पाणीच बाहेर जाते. उरलेले सारे पाणी मोठे आतडे शरीराला परत देते.

हे काम ते क्षारांच्या मदतीने करते. आतड्याच्या अस्तरातील पेशी सोडियम आत ओढून घेतात आणि सोडियममागोमाग पाणी येते. शरीरात पाणी व मीठ कमी पडू लागले, की अधिवृक्क ग्रंथींतून अल्डोस्टेरोन हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. ते मूत्रपिंडांना पाणी राखण्याचा संदेश देते आणि तोच संदेश मोठ्या आतड्यालाही पोहोचतो. परिणामी मल अधिक कोरडा होतो. मराठवाड्याच्या वैशाख वणव्यात दिवसभर उन्हात काम करणाऱ्याला घाम भरपूर येतो, पाणी मात्र बेताचे मिळते. त्याला शौचाला खडा होतो तो यामुळेच. शरीर काटकसर करीत असते आणि त्या काटकसरीची किंमत गुदद्वाराला मोजावी लागते.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी दहा टाक्यांची पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात दाखल झाली. पाणी मोजून वापरण्याची वेळ येते तेव्हा कपात केवळ अंघोळीची होत नाही. शौचालयात ओतावयाची बादलीही डोळ्यांपुढे येते आणि जाणे लांबणीवर पडते. पाणी कमी पिणे आणि शौचास जाणे टाळणे, हे दोन्ही मोठ्या आतड्याच्या दृष्टीने एकाच दिशेचे आघात आहेत.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. ज्याच्या शरीरात पाणी पुरेसे आहे, त्याने केवळ तांब्यामागून तांबे पाणी रिचविल्याने बद्धकोष्ठता जात नाही. जादा पाणी लघवीवाटे निघून जाते. पाण्याची कमतरता भरून काढणे आवश्यक असते. आणि ते पाणी मलात टिकून राहावे, यासाठी चोथा लागतो.

जिवाणूंची वसाहत

मोठ्या आतड्यात अन्नाचे पचन फारसे होत नाही, असे शाळेत शिकविले जाते. ते अर्धेच खरे आहे. जे मनुष्याच्या पाचकरसांना पचत नाही ते येथील जिवाणू पचवितात. माणसाच्या शरीरातील जिवाणूंची संख्या सुमारे ३८ लक्ष कोटी असावी, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला. त्यांतील बहुसंख्य मोठ्या आतड्यातच राहतात. धान्य, डाळी, भाज्या व फळे यांतील तंतुमय भाग आंबवून ते लघुशृंखल मेदाम्ले तयार करतात. यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. म्हणजे चोथा खाणे हे केवळ मल वाढविण्यासाठी नसून, आतड्याचे पोषण करण्यासाठीही असते.

या आंबवण्यातून वायूही निर्माण होतो. डाळी-उसळी खाल्ल्यानंतर पोटात गुडगुडते ते या कारणाने. तो नेहमी आजाराचा संकेत नसतो. मलात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि उरलेल्या घन भागाचा मोठा हिस्सा जिवाणूंचाच असतो. त्यामुळे एखाद्याने दोन दिवस उपवास केला तरी मल तयार होणे पूर्णपणे थांबत नाही. मलाचा तपकिरी रंग पित्तातील रंगद्रव्यापासून आलेला असतो.

आतड्याची स्वतःची मज्जासंस्था

खाल्लेले अन्न मोठ्या आतड्याच्या दाराशी पोहोचण्यास साधारणपणे चार ते सहा तास लागतात. पुढचा दीड मीटरचा प्रवास मात्र एक ते दोन दिवस चालतो. आज सकाळी बाहेर पडणारा मल कालच्या रात्रीच्या जेवणाचा असतो, असे समजण्याचे कारण नाही. त्यात परवाच्या भाजीचाही अंश असू शकतो.

या प्रवासावर मेंदूची देखरेख असली तरी रोजचा कारभार आतडे स्वतःच पाहते. पचनमार्गाच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचे जाळे असते. लंडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले, की आतड्याला एखाद्या ठिकाणी आतून चेतविले असता त्याच्या मागची बाजू आकुंचन पावते आणि पुढची सैल होते. बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्यानंतरही हे घडत राहते. अन्न पुढे ढकलण्याची युक्ती आतड्याच्या भिंतीतच बसविलेली आहे, हे यातून सिद्ध झाले.

हे जाळे नसेल तर काय होते, याचे उदाहरण काही नवजात अर्भकांत दिसते. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या चेतापेशी जन्मतःच नसतील, तर तो भाग सैल पडूच शकत नाही आणि मल मागे साचत जातो. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या विकाराचे वर्णन केले व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. जन्मानंतर ४८ तासांत बाळाला पहिली काळसर शी झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर घरगुती उपाय न करता बालरोगतज्ज्ञांना दाखविणे अगत्याचे असते. शस्त्रक्रियेने हा दोष दूर करता येतो.

सकाळचीच वेळ का?

मोठे आतडे दिवसाचा बराच काळ ऐवज जागच्या जागी घुसळत असते. त्याच्या काही हालचाली तर उलट दिशेच्याही असतात. त्यामुळे मल घाईने गुदाशयात उतरत नाही. मात्र दिवसातून मोजक्या वेळा, बहुधा एक ते तीनदा, एक जोरकस लाट उठते आणि आतड्याच्या मोठ्या भागातील ऐवज एकदम पुढे सारते. ही लाट उठण्याची शक्यता दोन वेळी सर्वाधिक असते : झोपेतून उठल्यानंतर आणि पोटात अन्न पडल्यानंतर.

झोपेत मोठे आतडे शांत असते. जाग येताच त्याची हालचाल वाढते. त्यातच न्याहारी झाली, जठर ताणले गेले, की चेता आणि संप्रेरके यांच्याद्वारे मोठ्या आतड्याला जागा करण्याचा निरोप जातो. वरून नवे आले, तेव्हा खालचे पुढे सारावयाचे, असा हा सरळ व्यवहार आहे. तान्ही मुले दूध पिता पिताच शी करतात तीही याच प्रतिक्षिप्त क्रियेमुळे. उठल्यानंतर आणि न्याहारीनंतरचा अर्धा-पाऊण तास हा शरीराने शौचासाठी राखून ठेवलेला काळ होय. तो दवडला तर पुढची लाट दुपारपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत न येण्याचा संभव असतो.

दारावरचे पहारेकरी

एरवी गुदाशय बहुधा रिकामा असतो. जोरकस लाटेने मल त्यात उतरला, की त्याची भिंत ताणली जाते आणि शौचाची भावना होते. या क्षणापासून पुढचे काम शरीर एकटे करीत नाही. त्याला मनाची संमती लागते.

गुदद्वाराशी दोन वलयाकार स्नायू असतात. आतला स्नायू इच्छेच्या अधीन नाही. तो सदैव आवळलेला असतो आणि झोपेतही दार बंद ठेवण्याचे बहुतांश काम तोच करतो. बाहेरचा स्नायू इच्छावर्ती आहे. गुदाशय ताणला, की आतला स्नायू क्षणभर आपोआप सैल होतो. आतील ऐवज खालच्या अतिशय संवेदनशील अस्तराला स्पर्श करतो आणि तेथील चेता तो वायू आहे, द्रव आहे की घन, हे ओळखतात. सभेत बसलेला माणूस नुसता वायू आहे की उठावेच लागेल, हा निर्णय घेऊ शकतो तो या सूक्ष्म परीक्षेच्या जोरावर. निर्णय होईपर्यंत बाहेरचा स्नायू दार आवळून धरतो.

तिसरा पहारेकरी म्हणजे गुदाशयाला मागून वळसा घालून पुढे खेचून धरणारा स्नायू. ज्वारीची राखण करताना गोफणीच्या पट्ट्यात दगड धरलेला असावा, तसा हा स्नायू गुदाशयाला धरून ठेवतो. त्यामुळे गुदाशय आणि गुदद्वाराची नळी यांत जवळजवळ काटकोन तयार होतो व मार्ग दुमडलेला राहतो. शौचाला बसल्यावर हा स्नायू सैल पडतो, कोन रुंदावतो आणि मार्ग सरळ होतो. उकिडवे बसल्याने हा कोन खुर्चीवजा बैठकीपेक्षा अधिक उघडतो आणि जोर कमी लावावा लागतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. गुडघेदुखीमुळे ज्यांना कमोडच वापरावा लागतो, त्यांनी पायांखाली बुटका पाट ठेवून किंचित पुढे झुकून बसल्यास बराच लाभ होतो.

काही व्यक्तींत या स्नायूंचा ताळमेळच बिघडलेला असतो. जोर लावताना जे स्नायू सैल व्हावयास हवेत तेच आवळले जातात. अशांना कितीही रेचके दिली तरी आराम पडत नाही. स्नायू सैल सोडण्याचे प्रशिक्षण हाच त्यावरचा खरा उपाय ठरतो.

भावना दाबली म्हणजे काय होते?

शौचाची भावना झाली आणि ती दाबून धरली, तर काही मिनिटांत ती ओसरते. गुदाशय सैलावून आतील मलाला जागा करून देतो. काही मल मागेही सरकतो. माणसाला वाटते, प्रश्न मिटला. वास्तविक मल तेथेच असतो आणि मोठे आतडे आपले पाणी शोषण्याचे काम अखंड चालूच ठेवते. काही तासांनी तोच मल अधिक घट्ट व कोरडा झालेला असतो.

असे क्वचित घडले तर बिघडत नाही. मात्र ती सवय झाली, तर गुदाशय ताण सहन करण्यास सरावतो आणि भावना उत्पन्न होण्यास अधिकाधिक मल साचावा लागतो. पुढे कुंथण्याची सवय, कुंथण्याने मूळव्याध, खड्याने चीर, चिरेच्या वेदनेच्या भीतीने पुन्हा टाळाटाळ, असे दुष्टचक्र सुरू होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय नेमक्या याच विषयावर आहे; त्यात रोखून धरू नयेत अशा तेरा वेगांत मलवेगाचा समावेश आहे.

लहान मुलांत हे चक्र फार लवकर फिरू लागते. एकदा शौचाला दुखले, की मूल पाय आवळून, कोपऱ्यात उभे राहून भावना दाबते. साचलेल्या घट्ट मलाच्या कडेने पातळ मल झिरपतो आणि चड्डी खराब होते. पालक याला खोडसाळपणा किंवा जुलाब समजून रागावतात, तर कधी जुलाब थांबविण्याचे औषध देतात. मूळ आजार याच्या नेमका उलट, म्हणजे तीव्र बद्धकोष्ठतेचा असतो. अशा मुलाला शिक्षा नव्हे, उपचार हवे असतात.

वर्गांचे वेळापत्रक

दहावी-बारावीच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रूढ झाला. आज वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी दूरदूरच्या गावांतील मुले-मुली लातूर आणि नांदेड येथे खोल्या व वसतिगृहांत राहतात. रात्री उशिरापर्यंत जागरण, पहाटे घाईने उठणे, न्याहारीला फाटा, खानावळीचा भात किंवा हातगाडीवरचा वडापाव, दिवसभर एकाच जागी बैठक आणि त्यावर परीक्षेचा ताण, असा ज्याचा दिनक्रम असेल, त्याने मोठ्या आतड्याचे जवळपास सर्व नियम मोडलेले असतात. दहा जणांत एक शौचालय असेल तर सकाळची लाट रांगेतच विरून जाते. पुढचे चार तास वर्गात उठण्याचा संकोच वाटतो.

त्यात मुलींची अडचण दुहेरी असते. वर्गाच्या इमारतीतील शौचालय अस्वच्छ असेल, दाराला कडी नसेल, पाणी नसेल तर त्या दिवसभर पाणी पिण्याचेच टाळतात. म्हणजे आतड्याला पाणी मिळत नाही आणि भावना झाली तरी ती पाळता येत नाही. हीच स्थिती बाजारात बसणाऱ्या भाजीविक्रेत्या, बसवाहक महिला, शेतमजूर आणि क्षेत्रभेटीस जाणाऱ्या आशा कार्यकर्त्यांची होते. ग्रामीण भागात एके काळी स्त्रियांना परसाकडे जाण्यासाठी पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधाराची वाट पाहावी लागे. २००० साली सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि २ ऑक्टोबर २०१४ पासूनचे स्वच्छ भारत अभियान यांनी घरोघरी शौचालये बांधण्यास चालना दिली. एप्रिल २०१८ मध्ये राज्य शासनाने ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर केले. परंतु घरात शौचालय असणे आणि घराबाहेरच्या दहा तासांत ते उपलब्ध असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली. खासगी शिकवणी वर्गात पाल्याला घालताना मात्र पालक शुल्क आणि निकाल विचारतात. शौचालये किती आहेत, हे क्वचितच विचारले जाते.

भाकरी, भात आणि मैदा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ असावयास हवेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा, तर गव्हाच्या कणकेत व बाजरीत सुमारे अकरा ग्रॅम तंतू असतात. पांढरा तांदूळ आणि मैदा यांत मात्र हे प्रमाण तीन ग्रॅमहूनही कमी भरते. पेरूमध्ये ते साडेआठ ग्रॅमच्या आसपास असते.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. भाकरी सोडून पोळी खाल्ल्याने चोथा कमी होत नाही, मात्र कणीक बारीक चाळून कोंडा फेकून दिल्यास तो निश्चित घटतो. खरी घट होते ती भाकरीची जागा पांढरा भात, पाव, बिस्किटे आणि नूडल्स घेतात तेव्हा. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभऱ्याची किंवा मटकीची उसळ, अंबाडीची अथवा मेथीची भाजी आणि हंगामातील पेरू-बोरे, एवढ्यावर मराठवाड्यातील साध्या घरातही दिवसाची गरज भागू शकते. चोथा वाढविताना तो हळूहळू वाढवावा, अन्यथा वायूचा त्रास होतो. आणि सोबत पाणी वाढवावे.

चूर्ण, एरंडेल आणि तंबाखू

इसबगोलाचा भुसा पाणी धरून ठेवतो व मल मऊ करतो. मात्र तो भरपूर पाण्यासोबतच घ्यावा लागतो. बाजारातील अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याच्या चेतांना उत्तेजित करून हालचाल घडविते. अधूनमधून तिचा वापर करण्यास हरकत नसली, तरी डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती वर्षानुवर्षे घेत राहणे योग्य नव्हे. कारण मूळ कारण त्यामागे दडून राहते. एरंडेलाचा जोरदार जुलाब घेऊन ‘कोठा धुण्याची’ प्रथा निरोगी माणसास अनावश्यक आहे आणि वृद्ध, गर्भवती व बालके यांना ती धोक्याची ठरू शकते. रिकाम्या झालेल्या आतड्याला पुन्हा भरण्यास दोन-तीन दिवस लागतात. त्या काळात शौचाला न होणे स्वाभाविक असते, परंतु माणूस घाबरून पुन्हा जुलाब घेतो.

तंबाखू मळल्याशिवाय किंवा मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे सांगणारे स्त्री-पुरुष या भागात पुष्कळ आढळतात. उठल्यानंतरच्या ज्या लाटेचे श्रेय ते तंबाखूला देतात, ती लाट शरीराचीच असते. पाणी, गरम पेय आणि थोडी न्याहारी यांनी ती निर्धोकपणे जागविता येते. तोंडाच्या कर्करोगाची जोखीम घेऊन पोट साफ करणे हा सर्वथा तोट्याचा सौदा होय.

नियंत्रण सुटते तेव्हा

पटकीसारख्या आजारात लहान आतडे इतके पाणी ओतते, की मोठ्या आतड्याची दिवसाला चार-पाच लिटर शोषण्याची क्षमताही अपुरी पडते. अशा वेळी मीठ-साखरेचे द्रावण प्राण वाचविते. कारण साखरेसोबत सोडियम आणि पाणी शोषण्याचा लहान आतड्यातील मार्ग बहुधा शाबूत असतो. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर करून त्याची उपयुक्तता सिद्ध केली.

बाहेरच्या स्नायूला आज्ञा देणाऱ्या चेता पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून येतात. मजूर झाडावरून किंवा विहिरीत पडणे, रस्ता अपघात, भूकंपात घर कोसळणे, अशा प्रसंगी मज्जारज्जूला इजा झाली तर आतड्याची स्वतःची हालचाल चालू राहते, परंतु भावना आणि संमती यांचा दुवा तुटतो. अशा रुग्णांना रोज ठरावीक वेळी, जेवणानंतर शौचास बसवून, औषधांच्या साहाय्याने आतड्याला वेळापत्रक लावून देता येते. बाळंतपणात गुदद्वाराच्या स्नायूला इजा झालेल्या स्त्रियांनाही वायू किंवा मल रोखता न येण्याचा त्रास होतो. लाजेपोटी त्या सांगत नाहीत. वास्तविक व्यायाम व शस्त्रक्रिया यांनी पुष्कळांना आराम पडतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, यांमधील कोणतीही वारंवारता निरोगी असू शकते. रोज एकदा झालेच पाहिजे हा हट्ट निराधार आहे. वारंवारतेपेक्षा मलाचे स्वरूप अधिक बोलके असते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेल्या तक्त्यात मलाचे सात प्रकार केले आहेत : पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा सुटा व कठीण, सातवा पाण्यासारखा पातळ. तिसरा व चौथा, म्हणजे केळ्यासारखा बांधीव पण मऊ, हे उत्तम समजले जातात.

शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, चाळिशी-पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, रात्री झोपेतून उठविणारे जुलाब किंवा कुटुंबात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काही असल्यास चूर्णावर न विसंबता तपासणी करून घ्यावी. रक्त म्हणजे मूळव्याधच, असे स्वतःच ठरविणे घातक ठरू शकते. पोट फुगून उलट्या होत असतील आणि शौच व वायू दोन्ही बंद झाले असतील, तर ती तातडीची अवस्था होय. लातूर येथील विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडच्या विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही ठिकाणी शल्यचिकित्सा विभाग आहेत. संकोच न करता तेथे तक्रार सांगता येते.

मोठे आतडे शरीरासाठी पाणी राखते, योग्य वेळी सूचना देते आणि सूचना दिल्यानंतर थांबण्याचीही मुभा देते. ती मुभा अडीअडचणीसाठी आहे. रोजच्या रिवाजासाठी नव्हे. ताटात चोथा वाढविणे आणि सकाळचा अर्धा तास राखणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. वर्गात, बाजारात, बसस्थानकावर आणि कचेरीत पाण्याची सोय असलेले, कडी लागणारे शौचालय उपलब्ध करणे मात्र संस्थाचालकांचे आणि प्रशासनाचे कर्तव्य आहे. ते पार पडत नाही तोवर आजाराचे मूळ तेथेच राहील आणि चूर्णाच्या डब्या खपत राहतील.